घाटाखालची आगगाडी

साखरखेर्ड्याच्या आमच्या शाळेत घंटेच्या जागी रुळाचा एक हातभर लांबीचा तुकडा टांगलेला असे. कडुलिंबाच्या आडव्या फांदीला जाड तारेचे दोन वेढे देऊन तो बांधलेला होता, आणि शाळेचा शिपाई लोखंडी बोल्टाने त्यावर ठोके देऊ लागला म्हणजे तो नाद बाजाराच्या ओट्यांपर्यंत सहज पोचे. त्या तुकड्याच्या कमरेवर इंग्रजी अक्षरे उठून दिसत. पण गंजाने आणि ठोक्यांनी ती इतकी झिजली होती की मधल्या सुट्टीत बोटे फिरवून फिरवून आम्ही प्रत्येकाने त्यांचे निराळे वाचन केलेले होते. तो तुकडा तेथे कोणी आणला, कोठून आणला, हे आम्ही कधी विचारले नाही आणि कोणी आपण होऊन सांगितले नाही. साखरखेर्ड्याला आगगाडी नाही, तेव्हाही नव्हती. त्यामुळे आमच्यापैकी बहुतेकांनी रूळ आधी पाहिला, त्याच्या हुकमाने वर्गात बसलो, त्याच्याच हुकमाने सुटलो, आणि त्यावरून धावणारी वस्तू मात्र पुढे कित्येक वर्षांनी पाहिली.

बुलढाणा जिल्ह्यात माणसाची ओळख करून देताना तो घाटावरचा की घाटाखालचा, हे आधी सांगण्याची रीत आहे. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही सारी घाटाखालची. चिखली, मेहकर, सिंदखेडराजा आणि त्यांच्या आसऱ्याने असलेले आमचे गाव घाटावरचे. घाटाखाली काळी कसदार जमीन, कपाशी, उन्हाळ्यात जीव नकोसा करणारा उकाडा आणि आगगाडी. घाटावर थोडी बरी हवा, हलकी जमीन आणि एस. टी. शेगावच्या दर्शनाला, मुंबईच्या नोकरीला किंवा नागपूरच्या दवाखान्याला निघालेला माणूस घाट उतरला म्हणजे प्रवासाला लागला असे आमच्याकडे धरले जाई. तोपर्यंतचे अंतर हिशेबात नसे. पुढे खामगाव-जालना असा लोहमार्ग होणार, तो चिखलीवरून जाणार, मग आपलेही भाग्य उजळणार, ही वार्ता मी आजोबांच्या तोंडून ऐकली, वडिलांच्या तोंडून ऐकली, आणि आता माझ्या तोंडून माझी मुले ऐकतात. मोजणीदार येतात, खुणा लावतात, निघून जातात. ज्या मुलखात आगगाडी आलीच नाही, तेथे ती जाण्याचे दुःख कोणाला कळणार, असे कोणी म्हणेल. पण मला वाटते, दुरून पाहणाऱ्याची दृष्टी कधी कधी अधिक स्वच्छ असते, कारण त्याला रोजच्या उशिराचा राग नसतो.

साखरखेर्ड्याचे नाव इतिहासाच्या दप्तरात लागले ते १७२४ सालच्या लढाईने. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात निजामुल्मुल्काने मुबारिझखानाचा येथे पराभव केला, खान रणात पडला, विजयाप्रीत्यर्थ गावाला फतेहखेर्डा असे नाव दिले गेले, आणि दक्षिणेत आसफजाही अंमलाचा पाया या आमच्या शिवारात घातला गेला. या गोष्टीचा आगगाडीशी संबंध काय, असे वाचकाच्या मनात येईल, तो असा. त्या निजामाच्या वंशजाकडे कंपनी सरकारच्या फौजेच्या खर्चाची बाकी थकली, आणि तिच्या फेडीसाठी १८५३ च्या मे महिन्यात वऱ्हाड प्रांत तहनाम्याने कंपनीच्या ताब्यात गेला. त्याच्या अवघा महिनाभर आधी, १६ एप्रिलला, बोरीबंदराहून ठाण्याकडे हिंदुस्थानातली पहिली उतारूंची गाडी निघाली होती. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित आणि पुढे साहिब, सिंध व सुलतान अशा नावांची तीन इंजिने. एका वर्षाच्या पोटात या दोन घटना शेजारी शेजारी पडल्या, आणि पुढची पन्नास वर्षे त्या दोहोंचे फळ आमच्या दोन्ही अंगांना पिकत राहिले. उत्तरेकडे ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा साडेपाच फुटी मार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपुरास पोचला. दक्षिणेकडे निजामाच्या राज्यात मनमाडहून सिकंदराबादेस जाणारा मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास जालन्यावरून गेला. भुसावळचे इंजिन जालन्याच्या रुळावर चढू शकत नव्हते आणि जालन्याचे भुसावळच्या. आमचे गाव या दोन मापांच्या मध्ये, दोहोंपासून अलिप्त, शाळेच्या रुळावर ठोके देत बसले होते.

या मार्गांचे प्रयोजन आपले दर्शन किंवा आपला दवाखाना हे नव्हते, ही गोष्ट विसरून चालत नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला, तेव्हा व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर खिळली. आणि युद्ध १८६५ साली संपले तरी ती नजर हटली नाही. खामगावचा कापूसबाजार इतका फुगला होता की जलंबपासून खामगावपर्यंत आठ मैलांचा एक खास फाटा टाकण्यात आला आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः त्याच्या समारंभास आला. घाटावरच्या बैलगाड्या सरकीसह कापूस भरून रात्रीच्या थंडाव्यात घाट उतरत आणि खामगावच्या आवारात धुरळ्यात उभ्या राहत. तेथून पुढे कापसाचा कारभार इंजिनाच्या हाती. आमच्या पणजोबांच्या पिढीला आगगाडी ठाऊक झाली ती अशी, आपल्या मालाला आपल्यापासून दूर नेणारी एक वेगवान शक्ती म्हणून. तिच्याविषयी त्यांना भय वाटे, आदरही वाटे. प्रेम वाटत असेल असे मला वाटत नाही. प्रेम हे पुढच्या पिढ्यांचे, ज्यांनी तिच्यात बसून मामाचे गाव गाठले त्यांचे.

माझे मामा भुसावळला लोकोत होते. भुसावळात ‘लोकोत आहे’ एवढे म्हटले की पुरे होई. बाकीचा परिचय कपड्यांवरून, बोटांच्या पेरांतल्या काळ्या रेषांवरून आणि कोणत्याही वेळी झोपू शकण्याच्या सिद्धीवरून होई. ते खलाशी म्हणून लागले, मग क्लीनर, मग फायरमन झाले आणि सेवेच्या उत्तरार्धात ड्रायव्हर. एका पहाटे त्यांनी मला शेडमध्ये थंड इंजिन पेटवताना दाखवले. चित्तरंजनच्या कारखान्यात बनलेले ते मालगाडीचे डब्ल्यूजी इंजिन होते; माझी उंची त्याच्या चाकाएवढीही भरत नव्हती. तेलात भिजवलेला कापसाचा वेस्ट आणि लाकडाचे तुकडे आधी आत गेले, मग शेजारच्या पेटत्या इंजिनातून फावड्यावर आणलेला लाल कोळसा, आणि त्यावर नवा कोळसा, पण एकदम नव्हे. अशा बॉयलरला वाफ धरायला आठ-दहा तास लागतात आणि घाई केली तर त्याच्या पत्र्यांना आणि नळ्यांना इजा होते, असे मामांनी सांगितले. लोखंड सावकाश ऊन झाले पाहिजे. आधी काही घडतच नाही. मग आत कोठे तरी एक लहानशी टकटक होते, कोठे पाण्याचा थेंब सुटतो, कोठे फुस्स असा श्वास येतो, आणि दिवस बराच वर आल्यावर दाबाच्या घड्याळाचा काटा प्रथमच थोडासा ढळतो.

ड्रायव्हर-फायरमन उभे राहत त्या कोंदट खोबणीत, जिला रेल्वेची माणसे फुटप्लेट म्हणत, दोन काचेच्या उभ्या नळ्या होत्या. त्यांत पाणी दिसे. ‘हे पाणी दिसते तोवर आपण जिवंत,’ असे मामा म्हणत, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. भट्टीच्या छतावर पाणी असलेच पाहिजे. ते उतरले तर छत तापून फाटते आणि मग जे होते ते सांगायला कोणी राहत नाही. म्हणून त्या छतात शिशाची एक बुचासारखी योजना केलेली असते. पाणी आटले की शिसे वितळते, वाफ आगीवर झेपावते आणि माणसांना सावध करते. कोळसा टाकण्याची विद्याही मला वाटे तशी रांगडी नव्हती. थोडा थोडा, वारंवार, आधी कडेने आणि कोपऱ्यांत, मध्ये पातळ; आग पांढरी दिसली पाहिजे आणि धुराड्यातून फिकट करडा धूर निघाला पाहिजे. काळाभोर धूर पाहून आम्ही फलाटावरची मुले टाळ्या पिटत असू, तो धूर म्हणजे फायरमनची फजिती असते, हे त्या दिवशी कळले. आणि सर्वांत वर, कान. दोन सिलिंडरांचे इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा उसासते. ते चार उसासे सारखे असले तर सारे ठीक, एखादा लंगडा पडला तर झडपांची मापे बिघडली. मी इंजिनाकडे डोळे फाडून पाहत होतो, तेव्हा मामा आपल्या वऱ्हाडी बोलीत म्हणाले, “पाह्यून काय व्हते बाबू? आयक.”

वऱ्हाडच्या पोटात आणखी एक मार्ग होता, साडेपाच फुटी आणि मीटरगेज या दोहोंहून अरुंद, अडीच फुटांचा. यवतमाळ ते मूर्तिजापूर सुमारे ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर सुमारे ७६. मधे दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगाव ही कपाशीची गावे. किलिक निक्सन या कंपनीच्या छत्राखालच्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीने तो टाकला, आणि नवल असे की स्वातंत्र्यानंतर देशातले बाकीचे मार्ग सरकारजमा झाले तरी याची मालकी कंपनीकडेच राहिली. रेल्वे खाते करारापोटी तो चालवत राहिले. लोकांनी या गाडीला शकुंतला म्हटले. तिच्या पुढे १९२१ साली मँचेस्टरात बनलेले आणि १९२३ पासून कामाला लागलेले झेडडी जातीचे इंजिन होते. ते सत्तर वर्षांहून अधिक काळ तेच काम करीत राहिले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डिझेल आले. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला गेला, त्या व्यापारावर वाढलेल्या शहराने वऱ्हाडला इंजिन पाठवले, ते इंजिन पुन्हा वऱ्हाडचा कापूस ओढू लागले, आणि त्याचे अंग पुसायला क्लीनरच्या हातात जो मळका बोळा असे, तोही कापसाचाच. या वर्तुळात अन्याय आहे हे मला दिसते. पण त्याची घडण इतकी पूर्ण आहे की मन क्षणभर थबकते.

कारंज्याला गुरुमंदिराच्या दर्शनासाठी जाताना मी शकुंतलेत बसलो होतो. तिच्या संथपणाच्या कथा वऱ्हाडात घरोघर सांगतात, त्यांतल्या निम्म्या माझ्या मते बसून रचलेल्या आहेत. चालत्या गाडीतून उतरून बोरे तोडून परत चढणारा प्रवासी मी तरी पाहिला नाही. पाहिले ते असे, की फाटकाजवळ गाडी थांबली, गाडीतलाच एक माणूस उतरला, त्याने फाटक लावले, गाडी पुढे सरकली, पुन्हा थांबली, त्याने फाटक उघडले आणि तो परत चढला. आणि या सर्व काळात फाटकापाशी खोळंबलेल्या बैलगाडीवाल्याशी त्याचे पावसाविषयी बोलणे चालले होते. वाटेतल्या स्थानकावर तिकिटे देणारा, सिग्नल पाहणारा आणि डबे जोडणारा यांचे चेहरे एकच होते. इंजिनाच्या अंगावर ठिगळे होती, पितळ मात्र घासलेले होते. पुढे डिझेलही दमले, मार्ग खचला, आणि काही वर्षांपूर्वी आधी एक व मग दुसरी अशा दोन्ही शाखा थांबल्या. आता तेथे ब्रॉडगेज करावे अशी मागणी आहे, आणि आहे तशीच गाडी पुन्हा चालवावी अशीही आहे. दोन्ही मागण्या एकाच तोंडून ऐकू येतात, आणि मला त्यात विसंगती वाटत नाही.

इंजिन जतन करणे म्हणजे काय, हा प्रश्न मला या दोन अनुभवांमुळे पडला. आपल्याकडे त्याचे एक ठरीव उत्तर आहे. स्थानकाबाहेर किंवा रेल्वेच्या एखाद्या कचेरीच्या आवारात चौथरा बांधावा, त्यावर चार हात रूळ टाकावा, इंजिन क्रेनने उचलून ठेवावे, काळा रंग द्यावा, बफरांना तांबडा, पट्ट्यांना पांढरा, आणि दरवर्षी सणासुदीला पुन्हा तोच. वर्षानुवर्षांच्या रंगाखाली कारखान्याच्या नावाची पाटी हळूहळू बुजत जाते. आत पालापाचोळा साचतो, म्हणून भट्टीचे दार बंद करून टाकतात. खाली फलकावर वजन, वर्ष, कारखाना. हे करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे आणि त्यांनी केले नसते तर ते इंजिन भंगारात गेले असते, हे मी मनापासून मान्य करतो; साहिब, सिंध आणि सुलतान यांच्यापैकी एकही आज कोठे उभे नाही, यावरून चौथऱ्याची किंमत कळते. नागपूरच्या मोतीबागेत २००२ साली अरुंद मार्गांसाठी निराळे संग्रहालय उभे राहिले, दिल्लीचे १९७७ पासून आहे, आणि तेथे माथेरानच्या डोंगरावर १९०७ पासून वळसे घेत चढणाऱ्या चिमुकल्या इंजिनांपैकी एक मुक्कामाला आहे. दुसरे एक तर समुद्र ओलांडून इंग्लंडात गेले. हे सारे इष्टच. तरी चौथऱ्यावरच्या त्या निश्चल आकृतीपुढे उभे राहिले की मला मामांचा शब्द आठवतो, आणि तेथे ऐकण्यासारखे काहीच नसते.

या बाबतीत आपल्या परंपरेत एक जुना विचार आहे, ज्याला आपण जीर्णोद्धार म्हणतो. सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांचा राजवाडा आहे. तो स्मारक म्हणून राखलेला आहे, जिजाऊंचे जन्मस्थान म्हणून १२ जानेवारीस तेथे जनसागर लोटतो, आणि एरवी तो बहुतांशी एकटा असतो. आमच्या गावात पलसिद्धांचा मठ आहे, प्रल्हाद महाराज रामदासींचे संस्थान आहे. अशा वास्तूंतली फरशी बदलते, खांब बदलतो, कळसाला नवा मुलामा चढतो, पुरातत्त्व जाणणारा माणूस कधी कधी कपाळावर हात मारून घेतो. पण वास्तू तीच राहते, कारण तेथली नित्याची उपासना खंडित झालेली नसते. इंजिनाचेही असेच आहे. ते कामावर असतानाच त्याचा बॉयलर दुसऱ्या इंजिनाचा असू शके, नळ्या तर ठरावीक काळाने बदलाव्याच लागत, चाकांच्या धावा झिजल्या की नव्या. कारखान्यातून निघाले तेव्हाचे ‘मूळ’ इंजिन असे त्यात पाच-पंचवीस वर्षांनंतर फारसे शिल्लक नसेच. मग त्याचे इंजिनपण कशात होते? मला वाटते, त्याला पेटवणाऱ्या, पाजणाऱ्या, ठोकून पाहणाऱ्या आणि त्याचा उसासा ओळखणाऱ्या माणसांच्या अखंड साखळीत होते.

ही साखळी तुटली तरी सांधता येते, याचेही दाखले आहेत. लीड्समध्ये १८५५ साली बनलेली फेअरी क्वीन १९०९ साली कामावरून उतरली, पुढे दिल्लीच्या संग्रहालयात स्थिरावली, आणि १९९७ साली पेरांबूरच्या कारागिरांनी तिला डागडुजी करून पुन्हा रुळावर आणले. ती दिल्लीहून अलवारला उतारू घेऊन गेली. हे शक्य झाले, कारण पेरांबुरात त्या वेळी वाफेची विद्या जाणणारे हात हयात होते. ब्रॉडगेजवरची वाफेची नेहमीची वाहतूक संपून फार तर दोन वर्षे झाली होती. रेवाडीच्या जुन्या शेडमध्ये अजूनही काही इंजिने वाफेवर ठेवली जातात. दार्जिलिंगच्या डोंगरात शंभरीच्या पुढची इंजिने आजही धापा टाकत चढतात. आणि ज्या देशातून ही यंत्रे आली, त्याच्या वेल्स प्रांतात टॅलिलिन नावाचा दगडी पाट्यांच्या खाणीचा एक अरुंद मार्ग १९५० साली मालकाच्या मृत्यूने बंद पडण्याच्या बेतात होता, तो हौशी लोकांनी सभा भरवून, वर्गणी काढून १९५१ पासून स्वतः चालवायला घेतला. शिक्षक, कारकून, दुकानदार सुटीच्या दिवशी येऊन रुळांवरचे गवत उपटत आणि बॉयलरखाली आग घालत. जगातला हा अशा प्रकारचा पहिला उद्योग. त्या मार्गाची लांबी शकुंतलेच्या पासंगाला पुरणार नाही.

हे वाचून वऱ्हाडातल्या कोणाला वाटेल की लेखकाला वाफेचे वेड लागले आहे आणि त्याला जुना काळ परत हवा आहे. तसे नाही. मामा डिझेलवर बदलले गेले तेव्हा ते हळहळले असतील अशी माझी समजूत होती. एकदा विचारले, तर त्यांनी माझ्याकडे जरा विस्मयाने पाहिले आणि आपला उजवा हात पुढे केला. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी निराळ्या रंगाची होती. मे महिन्यातला खानदेश, पुढे भट्टी, मागे ऊन, डोळ्यांत कोळशाचे कण, अंगावरचा घाम अंगावरच वाळून मिठाची पांढरी नक्षी उमटलेली. डिझेलच्या खोलीत प्रथम खुर्चीवर बसले, त्या रात्री त्यांना बरे वाटले होते. आपल्या मुलाला त्यांनी लोकोत घातले नाही. इंजिनाविषयीची हुरहूर ही पुष्कळ वेळा फलाटावरच्या माणसाची असते, आणि तिच्या भरात आपण फुटप्लेटवरच्या माणसाचे कष्ट सजावटीत जमा करतो. म्हणून मला त्या कष्टांचे पुनरुज्जीवन नको आहे. पण त्याच मामांना निवृत्तीनंतर वीस वर्षांनी कोणी पाण्याच्या काचेविषयी विचारले, तर त्यांची पाठ ताठ होई, दोन्ही हात आपोआप हवेतल्या कुठल्याशा दांड्यांवर जात, आणि भट्टीचे छत, शिशाचे बूच, बॉयलरला पाणी पाजणाऱ्या इंजेक्टरचा नखरा हे सारे ते अशा नेमकेपणाने सांगत की ऐकणाऱ्याने लिहून घेतले असते तर त्याची पोथी झाली असती. मी लिहून घेतले नाही. आम्ही चहा पीत बसलो होतो.

आपल्या भाषेने या यंत्राचे स्वागत मोठ्या कुतूहलाने केले होते. पहिली गाडी धावली त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८५४ साली, कृष्णशास्त्री भाटवडेकरांचे ‘लोखंडी सडकांचे चमत्कार’ हे पुस्तक मराठीत छापले गेले. सामान्य वाचकाला वाफ म्हणजे काय आणि ती चाक कशी फिरवते हे समजावून द्यावे, असे त्या पिढीतल्या एका शास्त्र्याला अगत्याने वाटले. त्या अगत्याचा पुढचा हप्ता आपल्याकडून भरायचा राहिला आहे. प्रवासवर्णने झाली, गाण्यांतून झुकझुक झाली. पण भुसावळ, पूर्णा, कुर्डुवाडी, मूर्तिजापूर येथल्या शेडांत तीन-तीन पिढ्या ज्यांनी आग राखली, त्यांच्या तोंडची विद्या त्यांच्याच शब्दांत फार थोडी कागदावर आली. इंजिन चौथऱ्यावर चढले की ते टिकल्यासारखे दिसते आणि मग ही निकड कोणाला जाणवत नाही.

शकुंतलेच्या रुळांचे पुढे काय व्हायचे ते होवो. त्याचा निकाल दिल्लीत लागेल आणि तो लागेपर्यंत खामगाव-जालन्याची मोजणी आणखी एकदा होऊन गेलेली असेल. माझी विनंती त्याहून लहान आहे आणि तिला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. वऱ्हाड-खानदेशात आजही पुष्कळ घरांत लोकोतून निवृत्त झालेला एखादा म्हातारा आहे. त्याच्याजवळ वही घेऊन, हवे तर मोबाइल समोर ठेवून बसावे. आग कशी धरायची, कोणत्या चढावर किती कोळसा लागे, बिघडलेला उसासा कसा ऐकू येई, चाकावर हातोडी मारली की चांगल्या आणि फुटक्या चाकाचा नाद कसा वेगळा येतो, हे त्याला विचारावे, आणि तो त्याच्या बोलीत सांगेल तसेच उतरवावे. शुद्धलेखनाची काळजी करू नये. जवळ एखादे इंजिन चौथऱ्यावर उभे असेल, तर त्या म्हाताऱ्याला एकदा तेथे न्यावे आणि फलकावर काय राहून गेले ते त्याच्याकडूनच ऐकावे. हे काम फार दिवस थांबण्यासारखे नाही. १९९४ साली मूर्तिजापूरच्या शेडमध्ये जो पोरगा फायरमन पंचविशीत असेल, तो आता साठीच्या आसपास आला आहे, आणि त्या शेडमध्ये वाफेवर काम केलेल्यांत तोच बहुधा सर्वांत लहान.